संकेत जनित्र, अल्पमोली

इलेक्ट्रॉनीय मंडलाची परीक्षा घेण्यासाठी ठरावीक कंप्रतेचा, परमप्रसराचा व आकाराचा विद्युत् तरंग कृत्रिम रीतीने निर्माण करून देणाऱ्या उपकरणास संकेत जनित्र म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानांत व महाविद्यालयीन प्रयोगशाळांत ‘सिग्नल जनरेटर’ किंवा ‘फंक्शन जनरेटर’ हीच नावे रूढ आहेत. पदरच्या पैशाने हौस भागविणारा इसम, पदविकेचा विद्यार्थी व लहान दुरुस्तीकार यांना परवडणारी, काही शे रुपयांपासून काही हजार रुपयांपर्यंतची जनित्रे एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय असून, खानदेशातील, विशेषतः भुसावळ परिसरातील, हवामान व वीजपुरवठा ध्यानी घेऊन त्यांच्या गुणदोषांचा येथे विचार केला आहे. या वर्गातील उपकरणांची उणीव बहुधा त्यांच्या गाभ्यातील संकलित मंडलात नसते. काटकसर झालेली असते ती त्या मंडलाच्या भोवताली, म्हणजे वीजपुरवठा, निर्गम विवर्धक, क्षीणक, पेटी व भूसंपर्क या ठिकाणी.

पूर्वपीठिका : स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या प्रबंधकार्यातून विल्यम ह्यूलेट यांनी सिद्ध केलेला व १९३९ मध्ये ‘२०० ए’ या नावाने विक्रीस आलेला श्राव्य-कंप्रता आंदोलक हा किफायतशीर जनित्रांचा आद्य नमुना मानण्यास हरकत नाही. वीन सेतूमध्ये साधा तापदीप योजून परमप्रसर आपोआप स्थिर राखण्याची त्यातील युक्ती इतकी स्वस्त होती की, उपकरणाची किंमत ५४.४० डॉलर ठेवता आली. त्याच्याच सुधारित ‘२०० बी’ नमुन्याचे आठ नग वॉल्ट डिस्ने कंपनीने ‘फँटेशिया’ या चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठी घेतले. भारतात ठाणे, इंदूर व अहमदाबाद येथील कारखान्यांनी पुढे प्रयोगशाळोपयोगी जनित्रे बनविली, परंतु ती मुख्यतः संस्थांच्या खरेदीखात्यांसाठी होती. हौशी माणसाची मदार दीर्घकाळ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वा पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलेल्या सुट्या भागांवर राहिली. भुसावळहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४४० किलोमीटर असल्यामुळे रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी जिन्नस घेऊन परतता येत असे. घरपोच टपालविक्रीने हा प्रवास आता बराचसा अनावश्यक केला आहे.

प्रकार : (१) रोधक व धारित्र यांच्या गुणाकारावर कंप्रता ठरणारी सदृश जनित्रे, यांत ‘एक्सआर-२२०६’ व ‘आयसीएल-८०३८’ ही संकलित मंडले आणि केवळ स्पंदांसाठी ‘५५५’ हा कालमापक येतो. (२) स्फटिकावर आधारलेली थेट अंकीय संश्लेषक मंडले; उदा., ‘एडी-९८३३’ व ‘एडी-९८५०’. (३) पडदा, कळफलक व दोन निर्गम असलेली तयार चिनी मेजजनित्रे. (४) भ्रमणध्वनी वा संगणकाचे ध्वनिपत्र.

सदृश जनित्र : या प्रकाराची माहितीपत्रके विपुल उपलब्ध असल्याने त्याची कैफियत तपशिलाने देता येते. एक्सआर-२२०६ च्या मूळ उत्पादकाच्या पत्रकानुसार त्याची कंप्रतामर्यादा ०.०१ हर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ, ज्यावक्रीय तरंगाचे विरूपण काळजीपूर्वक जुळवणीनंतर ०.५ टक्का व जुळवणीवाचून सुमारे २.५ टक्के आहे. त्याला किमान १० व्होल्ट पुरवठा हवा असे तेच पत्रक सांगते. उलट बाजारात मिळणाऱ्या जोडणीसंचांच्या कागदावर ९ ते १२ व्होल्ट असा मजकूर असतो, त्यामुळे ९ व्होल्टच्या घटावर चालविलेला संच आरंभापासूनच मर्यादेबाहेर असतो आणि तरंगाची शिखरे चपटी होऊ लागल्यास त्याचे कारण प्रथम येथे शोधावे. चौरस तरंगाचा चढता काठ २५० नॅनोसेकंद घेतो. १ मेगाहर्ट्झला अर्धे आवर्तन ५०० नॅनोसेकंदांचेच असल्यामुळे त्यातील निम्मा काळ चढण्यातच जातो व ‘चौरस’ हे नाव उपचारापुरते उरते. १०० किलोहर्ट्झच्या खाली मात्र हा दोष जाणवत नाही. कंप्रता रोधाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने सरळ प्रमाणाच्या फिरत्या रोधकावर सर्व उच्च कंप्रता एका टोकाशी दाटतात आणि तेथे बोटाच्या किंचित हालचालीने आकडा हजारोंनी सरकतो. दहा फेऱ्यांचा रोधक बसविणे हा यावरील माफक खर्चाचा उपाय होय. मूळ उत्पादकाने हे मंडल बनविणे थांबविले असून सध्या विकल्या जाणाऱ्या प्रती जुन्या साठ्यातील, काढून पुन्हा विकलेल्या की अन्य कोणी घडविलेल्या, याबाबत एकवाक्यता नाही. पत्रकातील आकडे त्यांना लागू करताना जपून असावे.

तापमानाचा परिणाम : भुसावळला हिवाळ्यातील रात्री पारा १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यातील दुपारी ४५ अंशांपलीकडे जातो, पत्र्याच्या वा स्लॅबच्या छताखालील खोलीत बंद पेटीच्या आतले तापमान त्याहून अधिक असते. एक्सआर-२२०६ चे स्वतःचे विचलन दर अंशाला दशलक्षांत २० भाग इतके अल्प असल्यामुळे ३५ अंशांच्या फरकाने १० किलोहर्ट्झमध्ये केवळ ७ हर्ट्झ बदल व्हावा. परंतु त्याच्यासोबतचे पॉलिएस्टर धारित्र दर अंशाला दशलक्षांत ४०० भागांच्या सुमारास सरकत असेल, तर तोच बदल १४० हर्ट्झ होतो. आणि संचात ‘वाय-५-व्ही’ वर्गाचे सिरॅमिक धारित्र आले असेल, ज्याची धारिता उणे ३० ते अधिक ८५ अंशांच्या मर्यादेत ८२ टक्क्यांपर्यंत घटू शकते, तर कंप्रतेची कोणतीच हमी उरत नाही. ‘एनपी-०’ वर्गाचे अथवा पॉलिप्रॉपिलीनचे धारित्र बसविल्यास हा दोष बव्हंशी निवारतो. जनित्र सुरू करून अर्धा तास तापू द्यावे आणि मगच मापन करावे, हा प्रयोगशाळांतील जुना दंडक खानदेशच्या उन्हाळ्यात विशेष पाळण्याजोगा आहे.

अंकीय संश्लेषक : टिअर्नी, रेडर व गोल्ड यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत स्फटिकाच्या प्रत्येक ठोक्याला एका संचयकात ठरावीक संख्या मिळवीत जातात आणि साचलेल्या संख्येवरून ज्या-सारणीतील मूल्य वाचून त्याचे विद्युत् दाबात रूपांतर करतात. एडी-९८५० मध्ये संचयक ३२ अंकांचा (द्विमान) व स्फटिक १२५ मेगाहर्ट्झचा असल्याने कंप्रता ०.०२९ हर्ट्झच्या पायऱ्यांनी बदलता येते. ही पायरी सूक्ष्म आहे म्हणून कंप्रता तितकी अचूक आहे, असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः स्वस्त पट्टीवरील स्फटिकात दशलक्षांत ५० भागांची चूक असल्यास १० मेगाहर्ट्झला ५०० हर्ट्झचे अंतर पडते आणि पडद्यावरील शेवटचे तीन-चार अंक शोभेचे ठरतात. तथापि ही चूक सर्व कंप्रतांवर एकाच प्रमाणात असल्यामुळे ती एकदा मोजली की गणिताने दुरुस्त करता येते. सदृश जनित्रास ही सोय नाही.

या मंडलाच्या विक्रेत्यांकडून ४० मेगाहर्ट्झ ही वरची सीमा सांगितली जाते. त्या ठिकाणी तरंगाच्या एका आवर्तनाला जेमतेम तीन नमुने मिळतात, परमप्रसर सुमारे दीड डेसिबेल घटतो आणि ८५ मेगाहर्ट्झला (१२५ वजा ४०) अनाहूत प्रतिमा-तरंग उमटतो. तो गाळण्याचे काम पट्टीवरील गाळणीवर सोपविलेले असते व तिच्यातील भागांच्या दर्जाप्रमाणे ते बरेवाईट पार पडते. दहा अंकी रूपांतरकामुळे खरखरीची तळरेषा सिद्धांततः ६२ डेसिबेल खाली असते. स्थूलमानाने स्फटिकाच्या दशांशापर्यंत, म्हणजे १२ मेगाहर्ट्झपर्यंत, या उपकरणावर निःशंक विसंबावे. एडी-९८३३ ला २५ मेगाहर्ट्झचा स्फटिक असल्याने तेथे हाच हिशेब अडीच मेगाहर्ट्झवर येतो.

निर्गम व गळती : एक्सआर-२२०६ चा ज्यावक्रीय निर्गम-संरोध सुमारे ६०० ओहम आहे, त्याला ८ ओहमचा ध्वनिक्षेपक थेट जोडल्यास दाबाचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग आतच खर्ची पडतो व नवशिक्यास जनित्र बिघडल्याचा भास होतो. रेडिओग्राही जुळविताना अडचण याच्या उलट असते. ४५५ किलोहर्ट्झच्या मध्यम-कंप्रता टप्प्याला काही मायक्रोव्होल्टपासून चढत्या श्रेणीने संकेत द्यावा लागतो. स्वस्त जनित्राची पेटी प्लॅस्टिकची वा ॲक्रिलिकची असल्याने, क्षीणक कितीही खाली आणला तरी संकेत हवेतून ग्राहीपर्यंत पोचतो आणि तार काढून घेतली तरी शिटी ऐकू येतच राहते. प्रमाण जनित्रांची किंमत कशामुळे चढते, याचा हा उत्तम दाखला होय : मायक्रोव्होल्टपर्यंत भरवशाने उतरणारा क्षीणक व दुहेरी धातुकवच यांचा खर्च गाभ्यातील मंडलाच्या कित्येक पट असतो. पत्र्याचा डबा, समाक्ष तार व रोधकांचे दोन-तीन टप्पे यांची तजवीज घरी केल्यास उणीव निम्मीशिम्मी भरून निघते.

वीजपुरवठा व भूसंपर्क : दोन पिनांच्या खटका-पद्धतीच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या काही मेजजनित्रांत गाळणी-धारित्रांच्या जोडणीमुळे बाह्य पेटी जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टच्या निम्म्या दाबावर तरंगते. प्रवाह अत्यल्प असल्याने हाताला झिणझिण्यांपलीकडे अपाय सहसा होत नाही, मात्र संपर्काच्या पहिल्या क्षणी नाजूक अर्धसंवाहक जळू शकतो. तीन पिनांची तार लावून पेटी भूसंपर्कित करणे हा उपाय खरा. पण घरातील अर्थिंगच निकामी असेल तर तो कागदावरच राहतो, आणि खानदेशातील काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळली की तिचा रोध वाढत असल्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची रीत निष्कारण पडलेली नाही. भुसावळच्या लोहमार्गांवर २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झचा कर्षणपुरवठा आहे. मापनात ५० हर्ट्झची घरघर आढळल्यास तिचा ठपका त्या तारेवर ठेवावा की घरच्या वायरिंगवर, हे उपकरण घटावर चालवून व तारांची दिशा बदलून पाहिल्यावाचून ठरवू नये.

कंप्रतेचा पडताळा : मोजणीयंत्र नसल्यास आकाशवाणीच्या मध्यम-लहरी केंद्राचा वाहक-तरंग प्रमाण म्हणून वापरता येतो. मुंबई ‘अ’ केंद्राची कंप्रता १०४४ किलोहर्ट्झ आहे. जनित्राचा चौरस तरंग ३४८ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवल्यास त्याचा तिसरा हरात्मक तेथेच पडतो. रात्री ते केंद्र लावून, जनित्र किंचित फिरवीत, ऐकू येणारी शिटी खर्जात उतरत नाहीशी झाली की तबकडीवरील तो बिंदू खात्रीचा समजावा. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ‘एटीए’ हे प्रमाणकेंद्र १० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करीत असताना हीच रीत लघुलहरींवरही वापरता येत असे.

श्राव्य मापन : ०.०५ टक्के विरूपणाच्या विवर्धकाची परीक्षा ०.५ टक्के विरूपणाच्या जनित्राने होऊ शकत नाही. २० किलोहर्ट्झच्या आत साध्या भ्रमणध्वनीतील सोळा अंकी ध्वनिमंडल बहुतेक जोडणीसंचांहून शुद्ध तरंग देते. त्याचा निर्गम लहान असतो व एकदिश दाब त्यातून मिळत नाही.

रेल्वेची उपकरणे : श्राव्य-कंप्रतेच्या रूळमंडलांत (ट्रॅक सर्किट) नेमक्या कंप्रता योजलेल्या असतात, त्या कामी प्रमाणित उपकरणच लागते. हौशी जनित्र तत्त्व समजून घेण्यापुरते उपयोगी आहे.

कायदा : आकाशक जोडून प्रक्षेपण करण्यास परवाना आवश्यक आहे.

निवड : श्राव्यातीत मंडले, गाळण्या व अंकीय मंडले यांच्या अभ्यासास एडी-९८३३ ची पट्टी पुरेशी आहे, ध्वनिविवर्धकासाठी भ्रमणध्वनी व एक लहान निर्गम-टप्पा, आणि रेडिओदुरुस्तीसाठी एडी-९८५० ची पट्टी धातूच्या डब्यात क्षीणकासह बसवावी. एक्सआर-२२०६ चा संच मापनासाठी नव्हे, तर डाख देणे, जोडणी व तरंगरूपांची ओळख यांसाठी घ्यावा. महागडे मेजजनित्र घेण्याइतकी शिल्लक असली तरी तिचा एक हिस्सा दोलनदर्शकासाठी राखावा. कारण जनित्राने काय बाहेर टाकले हे पाहण्याचे साधन हाती नसेल, तर त्याच्या पडद्यावरील आकडा हा केवळ उत्पादकाचा दावा राहतो.