जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री : भावाचे आणि धीराचे गणित

बदलीच्या गावी नेणे परवडणार नाही असे कपाट, मुलाला लहान झालेली सायकल, नवा घेतल्यामुळे खणात पडून राहिलेला मोबाइल, अशा वस्तू आता भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्याआधी एकदा तरी विक्रीच्या संकेतस्थळावर चढतात. छायाचित्र काढणे, चार ओळी लिहिणे आणि किंमत टाकणे हे काम दहा मिनिटांत होते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. किंमत किती लावावी आणि गिऱ्हाइकाची वाट किती दिवस पाहावी, हे दोन्ही निर्णय विक्रेत्याला एकट्याने घ्यावे लागतात आणि ते परस्परांशी बांधलेले असतात. भाव जास्त हवा असेल तर थांबावे लागते. थांबणे शक्य नसेल तर भाव सोडावा लागतो. किती थांबल्यास किती मिळते, याचा अंदाज ज्याला येतो त्याचे नुकसान कमी होते.

बोहारणीपासून मोबाइलपर्यंत

जुन्या मालाचा व्यापार भारताला नवा नाही. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांची दुकाने आणि दिल्लीत दरियागंजच्या पदपथावर भरणारा व २०१९ मध्ये महिला हाट येथे हलवण्यात आलेला रविवारचा पुस्तकबाजार ही त्याची परिचित ठिकाणे होत. मराठी घरांना तर हा व्यवहार दारातच घडताना पाहण्याची सवय होती. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण पातेल्यासाठी आणखी एक साडी मागत असे. गृहिणी नकार देई, बोहारीण टोपली उचलून निघाल्यासारखे करी आणि चार पावलांवरून परत फिरे. कोणाला अधिक घाई आहे, हे ज्याला आधी उमगे त्याच्या बाजूने सौदा झुके.

ऑनलाइन बाजाराने या व्यवहाराची व्याप्ती बदलली. अमेरिकेतील ईबे या कंपनीने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम हे भारतीय संकेतस्थळ विकत घेतले. ओएलएक्सची स्थापना २००६ मध्ये झाली, क्विकरचा आरंभ २००८ मध्ये झाला आणि फेसबुकने आपली मार्केटप्लेस ही सेवा २०१६ मध्ये सुरू केली. यामुळे गिऱ्हाइकांचे वर्तुळ गल्लीपुरते न राहता शहरभर पसरले. मात्र समोरच्याचा चेहरा दिसेनासा झाला. गिऱ्हाईक एकाच वेळी वीस जाहिराती ताडून पाहू शकते. विक्रेत्याला मात्र समोरचा माणूस खरोखर घेणारा आहे की सहज चौकशी करणारा, हे कळत नाही. शिवाय येथे भाव विक्रेत्यालाच आधी आणि लेखी सांगावा लागतो.

मालकाला वाटणारा भाव

पहिली चूक बहुधा याच ठिकाणी होते. स्वतःच्या मालकीची झाली की त्याच वस्तूचे मोल माणसाला अधिक वाटू लागते. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये हे स्पष्ट दिसले. कॉर्नेल विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देण्यात आले आणि ते किती किमतीला विकतील असे विचारण्यात आले. इतरांना तोच मग किती किमतीला घ्याल असे विचारले गेले. मग हाती असलेल्यांनी सांगितलेली किंमत ही घेणाऱ्यांच्या किमतीच्या जवळपास दुप्पट होती. मग मिळून फार वेळही झालेला नव्हता. दहा वर्षे वापरलेल्या पलंगाबाबत हा फरक किती वाढत असेल, याची कल्पना करता येते.

खरेदीचे बिल हा दुसरा सापळा. ‘आम्ही चाळीस हजारांना घेतला होता’ हे वाक्य विक्रेत्याच्या दृष्टीने भक्कम पुरावा असते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नसतो. त्याची तुलना आज दुकानात मिळणाऱ्या नव्या वस्तूशी असते. याचे अलीकडचे उदाहरण वस्तू आणि सेवा कराचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रे आणि ३२ इंचांहून मोठे दूरचित्रवाणी संच यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. या कपातीचा पूर्ण लाभ ग्राहकापर्यंत पोहोचला असे धरल्यास नव्या वस्तूची किंमत सुमारे आठ टक्क्यांनी उतरते. ज्याच्या घरी दोन वर्षे वापरलेले यंत्र विक्रीस होते, त्याचा अपेक्षित भावही त्यासोबत खाली आला. त्याच्या बिलावरील आकडा मात्र तोच राहिला.

तीन आकडे

जाहिरात देण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहून ठेवणे हिताचे असते. पहिला, सांगण्याचा भाव. दुसरा, मनात धरलेला भाव, म्हणजे ज्याला सौदा झाल्यास समाधान वाटेल तो. तिसरा, तळाचा भाव, ज्याच्या खाली वस्तू द्यायची नाही.

हे आकडे काढण्यासाठी आपल्याच शहरातील तशाच वस्तूंच्या जाहिराती पाहाव्यात. तथापि, जाहिरातीतील किंमत ही मागणी असते, मिळालेली रक्कम नव्हे. तीन महिने पडून असलेल्या जाहिरातीतील भाव हा ‘या भावाला कोणी घेत नाही’ याचाच दाखला होय. म्हणून आठवडाभर रोज पाहणी करून कोणत्या जाहिराती लवकर नाहीशा होतात याची नोंद ठेवावी. त्यातील सर्व वस्तू विकल्याच गेल्या असे नाही, पण कोणत्या किमतीला मागणी आहे याची दिशा त्यातून कळते.

तळाचा भाव ठरवण्यास आणखी एक साधन उपलब्ध आहे. मोबाइल, लॅपटॉप यांसारख्या वस्तू थेट विकत घेणाऱ्या कंपन्या आणि नव्या वस्तूवर जुनी बदलून देणारी दुकाने तत्काळ एक रक्कम सांगतात. ती बहुधा कमी असते, परंतु त्यात वाट पाहणे नसते, घासाघीस नसते आणि अनोळखी माणसाला घरी बोलावणेही नसते. समजा, अशा ठिकाणी फोनचे ९,००० रुपये मिळतात आणि स्वतः विकल्यास १२,००० मिळण्याची शक्यता आहे. मधले ३,००० रुपये ही विक्रेत्याच्या धीराची आणि कष्टांची मजुरी होय. ती घेण्यायोग्य वाटत नसेल, तर ९,००० रुपये घेऊन मोकळे होणे यात कमीपणा नाही.

सांगण्याचा भाव मनातील भावापेक्षा थोडा अधिक ठेवण्याची प्रथा आहे, कारण गिऱ्हाईक काही कमी केल्याशिवाय समाधानी होत नाही. मात्र ही वाढ मर्यादित असावी. अनेक जण संकेतस्थळावर किमतीची मर्यादा घालून शोध घेतात. १०,००० रुपयांपर्यंतची वस्तू शोधणाऱ्याला १०,५०० ची जाहिरात दिसतच नाही. तिथे घासाघिशीची वेळच येत नाही.

धीर कोठे लाभतो, कोठे नडतो

प्रत्येक वस्तूला सारखाच धीर मानवत नाही. सागवानी कपाट, पितळी भांडी, शिवणयंत्र यांचा भाव दोन-चार महिन्यांत फारसा उतरत नाही. योग्य गिऱ्हाइकासाठी थांबणे तिथे फायद्याचे ठरते. याउलट मोबाइलचा भाव दर महिन्याला झिजतो आणि नवे मॉडेल आले की एकदम घसरतो. समजा, आज फोनला १७,००० रुपये देणारा माणूस आहे आणि विक्रेता १८,००० साठी अडून बसला. दोन महिन्यांत नवे मॉडेल बाजारात आले आणि भाव १५,००० झाला, तर एक हजार वाचवण्याच्या नादात दोन हजार गेले.

काही वस्तूंना ऋतू असतो. उत्तर भारतात कूलरला मार्चपासून मागणी येते. ऑक्टोबरमध्ये तोच कूलर जागा अडवतो. शालेय पुस्तकांचा हंगाम केंद्रीय मंडळाच्या शाळांत एप्रिलच्या सुमारास, तर महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळांत बहुतांशी जूनमध्ये असतो. अभ्यासक्रम बदलला की मात्र त्या पुस्तकांना रद्दीचाच भाव येतो. अशा वेळी धीर म्हणजे हंगामापर्यंत थांबणे; हंगाम उलटून गेल्यावर थांबणे हा केवळ आळस ठरतो.

सर्वांत कठीण स्थिती असते ती घर सोडण्याची तारीख ठरलेल्यांची. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण अशाच विक्रेत्याला लागू पडते. शेवटच्या दोन दिवसांत फ्रिज, धुलाईयंत्र, पलंग सर्व एकत्र विकायला काढल्यास घेणारा ती निकड लगेच ओळखतो. त्यावर उपाय म्हणजे वेळापत्रक. सहा आठवडे हाती असतील, तर १३,५०० रुपयांना लावलेला फ्रिज दोन आठवड्यांनी १२,७००, चार आठवड्यांनी ११,८०० आणि अखेरच्या आठवड्यात तळाच्या ११,००० रुपयांवर आणावा. उतरण आधीच ठरलेली असली की ती करताना मनस्ताप होत नाही. जाहिरातीत ‘तातडीने विकणे आहे’ असे लिहिणे शक्यतो टाळावे.

गिऱ्हाईक न आल्यास

दहा-बारा दिवसांत एकही विचारणा आली नाही, तर दोष बहुधा भावात, शीर्षकात किंवा पहिल्या छायाचित्रात असतो. विचारणा होते पण पाहायला कोणी येत नाही, तर माहिती अपुरी आहे किंवा ठिकाण गैरसोयीचे आहे. लोक येतात, पाहतात आणि न घेता जातात, तर प्रत्यक्ष वस्तू वर्णनाहून कमी भरते आहे. या तिन्ही गोष्टींवर उपाय वेगळे आहेत. प्रत्येक वेळी किंमतच कमी करणे हे उत्तर नव्हे.

वर्णनातील प्रामाणिकपणाला येथे आर्थिक मोल आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की दोष केवळ विक्रेत्याला ठाऊक असतात तेव्हा गिऱ्हाईक प्रत्येकच गाडी सदोष असेल या भीतीने कमी भाव देते आणि चांगल्या गाडीच्या मालकाचेही नुकसान होते. अकरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ओरखड्याचे जवळून काढलेले छायाचित्र, मूळ बिल, दुरुस्तीची पावती आणि यंत्र चालू करून दाखवण्याची तयारी या साऱ्या गोष्टी ती भीती कमी करतात. बिल आणि खोका असल्यास माल चोरीचा नसल्याची खात्रीही पटते.

घासाघिशीत ‘शेवटचे किती?’ हा प्रश्न फोनवर पहिल्याच मिनिटाला येतो. त्या वेळी तळाचा भाव सांगितल्यास प्रत्यक्ष भेटीत तोच आरंभीचा भाव बनतो. वस्तू पाहून बोलू, असे सौजन्याने सांगणे पुरेसे असते. दुसरीकडे, पहिल्याच दिवशी मनातील भावाइतकी मागणी आली तर ‘आपण कमी सांगितले की काय’ या शंकेने ती परतवून लावू नये. पहिला गंभीर गिऱ्हाईकच पुष्कळदा सर्वोत्तम निघतो.

घाई करणाऱ्यापासून सावध

वस्तू न पाहता, भाव न करता, लगेच पैसे पाठवतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाबाबत विशेष दक्षता हवी. सैन्यदलात किंवा निमलष्करी दलात असल्याचे सांगून, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवून आणि ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगून फसवणूक झाल्याचे प्रकार देशभरात नोंदले गेले आहेत. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन मागितला गेला, याचा अर्थ पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत. रक्कम जमा झाल्याचा संदेश नव्हे, तर खात्यातील शिल्लक पाहूनच वस्तू हाती द्यावी. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

फोन देण्यापूर्वी सर्व खात्यांतून बाहेर पडून त्यातील माहिती पूर्णपणे पुसावी. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक बिलाशी जुळतो की नाही, हे घेणाऱ्याने पाहावे. केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो क्रमांक तपासता येतो.

कागदपत्रे आणि कर

घरातील वैयक्तिक वापराचे फर्निचर, कपडे, उपकरणे यांची विक्री प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्तेची विक्री ठरत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे व अन्य कलाकृती यांना मात्र ही सवलत नाही. ई-व्यापाराबाबतचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियमही नियमित व्यवसाय नसलेल्या वैयक्तिक व्यवहाराला लागू होत नाहीत. त्यामुळे घेणाऱ्यानेही पैसे देण्यापूर्वीच वस्तू नीट पारखून घेणे आवश्यक ठरते.

वाहनाच्या बाबतीत केवळ पैसे आणि किल्ल्यांची देवघेव म्हणजे विक्री पूर्ण झाली असे समजू नये. मोटार वाहन कायद्यानुसार त्याच राज्यातील हस्तांतरणाची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास द्यावयाची असते. नमुना २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. गाडी कितीही हातांतून पुढे गेली तरी नाव बदललेले नसेल, तर मूळ विक्रेता त्यातून सुटत नाही. चांगला भाव मिळाल्याच्या आनंदात राहून गेलेली ही एक नोंद त्या भावाच्या कितीतरी पट महाग पडू शकते. म्हणून नाव बदलल्याची खातरजमा होईपर्यंत विक्री पूर्ण झाली असे मानू नये.