सांडपाणी, शैवाल आणि इंधन : कोल्हापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक आलोचन

कोल्हापूर येथे १८५४ साली नगरपालिका स्थापन झाली आणि १९७२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. मधल्या काळात वस्ती वाढत गेली, तसतसे जयंती व दुधाळी हे नाले शहराचा मैला पंचगंगेत वाहून नेऊ लागले. रंकाळ्यातही सांडपाणी शिरले व त्याच्या पाण्यावर हिरवा थर धरू लागला. २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ उद्भवली, तेव्हा नदीकाठच्या नगरांना शुद्ध पाण्याचा प्रश्न हा जीविताचाच प्रश्न आहे, हे उघड झाले.

सांडपाण्यावर सूक्ष्म शैवाल जोमाने वाढते आणि काही शैवालांच्या पेशींत तेल साठते. तेव्हा सांडपाण्यावर शैवाल वाढवून त्यातील तेलाचे डिझेल करावे, ही कल्पना मोहक वाटावी यात नवल नाही. तथापि तिचे मोल ठरविण्यापूर्वी तिचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे आहे.

हा इतिहास दोन स्वतंत्र प्रवाहांचा आहे. पहिला प्रवाह तेलाचा. १८९० साली डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी क्लोरेला या शैवालाचे शुद्ध संवर्धन केले. १९३७ साली बेल्जियममध्ये शव्हान यांनी वनस्पतितेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून इंधन करण्याच्या रीतीचे एकस्व घेतले. पुढे १९४२ साली, महायुद्धातील टंचाईच्या दिवसांत, हार्डर व फॉन विच या जर्मन शास्त्रज्ञांनी डायटम शैवालांपासून मेद मिळविण्याचा विचार मांडला. दुसरा प्रवाह सांडपाण्याचा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ऑस्वल्ड व गोटास यांनी १९५७ साली दाखविले की, उथळ तळ्यात जिवाणू मैल्याचे विघटन करतात, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शैवाल शोषते आणि बदल्यात जिवाणूंना प्राणवायू पुरविते. या परस्पर साहाय्याने पाणी निवळते. तेथे मुख्य फल शुद्ध पाणी हे होते. शैवाल हे आनुषंगिक होय.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७८ ते १९९६ पर्यंत शैवालापासून इंधन करण्याचा विस्तृत कार्यक्रम चालविला व सुमारे ३,००० वाण गोळा केले. त्यातून एक विरोध स्पष्ट झाला. नत्राची उपासमार झाली म्हणजे पुष्कळ शैवालांत तेल वाढते, परंतु त्यांची वाढ खुंटते. परिणामी तेलाचे एकूण उत्पादन वाढत नाही. मैलापाणी तर नत्राने समृद्ध असते. म्हणजे ज्या गुणामुळे ते शैवालास पोषक, त्याच गुणामुळे ते तेलास प्रतिकूल ठरते.

दुसरी अडचण वेचणीची. उघड्या तळ्यात एका लिटर पाण्यात साधारणतः अर्धा ग्रॅम शैवाल असते. एक किलो कोरडे शैवाल हवे तर २,००० लिटर पाणी वेगळे करावे लागते. आणि त्यात पंचमांश तेल धरले, तरी हाती पडते केवळ २०० ग्रॅम. पेशी इतक्या सूक्ष्म असतात की, त्यांना पाण्यापासून वेगळे करण्यातच बराचसा खर्च होतो.

कोल्हापुरास हे विवेचन लावताना आणखी एक भेद ध्यानी ठेवावा लागतो. दूषित तलावांवर साय धरणारी मायक्रोसिस्टिस ही तेलदायी शैवाले नव्हेत. त्यांच्यात तेल अल्प असून काहींत विषद्रव्येही आढळतात. शिवाय उथळ तळ्यांस विस्तीर्ण सपाट जमीन लागते, आणि शहराभोवतीची जमीन उसाखाली आहे. पावसाळ्यातील दीर्घ ढगाळ दिवसांत शैवालाची वाढ मंदावते, ती अडचण वेगळीच.

यावरून ही कल्पना त्याज्य ठरते असे नाही. तिचा क्रम मात्र बदलावा लागतो. ऑस्वल्ड व गोटास यांनी मुख्य मानलेले शुद्ध पाणीच येथेही मुख्य मानणे प्राप्त आहे. कसबा बावड्यासारख्या शुद्धीकरण केंद्रांच्या पाण्यात शेष राहणारे नत्र व स्फुरद शैवालाने शोषून घेतले, तर तेल थेंबभर मिळाले तरी पंचगंगेचा भार हलका होईल. नृसिंहवाडीस कृष्णेला मिळेपर्यंत या नदीच्या काठी जी गावे आहेत, त्यांच्या दृष्टीने या प्रयोगाचे यश तेलाच्या मापाने नव्हे, तर पाण्याच्या निर्मळपणाने मोजले जाणे योग्य होय.