काढ्याचे कूळ

आषाढ-श्रावणातली झड लागली आणि शाळेतून भिजून आलेले पोर दोनदा शिंकले, की ज्या घरात एरवी औषधाचे नाव निघत नाही त्या घरातही काढ्याचे पातेले चुलीवर चढते. आणि वनस्पतीतला अर्क काढून घ्यायचा म्हणून तो काढा, अशी त्या नावाची फोड आपण सहज करतो. ही व्युत्पत्ती अर्थाला इतकी चपखल बसते की तिच्यावर शंका घेणे जिवावर येते. परंतु शब्दांचे दप्तर उघडले तर दाखला निराळा मिळतो. संस्कृत ‘क्वाथ’ हे या शब्दाचे मूळ. क्वथ् धातूच्या शेवटी प्राकृतात ‘ढ’ येतो, असा नियमच बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात नोंदवून ठेवला आहे. कढ, कढत, कढण आणि आपली रोजची कढी ही सारी काढ्याची सख्खी भावंडे. कढई मात्र ‘कटाह’ या दुसऱ्याच घराण्यातली, शेजाराने जवळची झालेली. गोव्यात याच पेयाला कसाय म्हणतात, तो ‘कषाय’ या शब्दाचा वंशज. ज्या दुखण्यासाठी हा खटाटोप, ते पडसेही ‘प्रतिश्याय’ या नावाने सुश्रुताच्या उत्तरतंत्रात स्वतंत्र अध्याय अडवून बसले आहे. ‘सर्दी’ हा शब्द तेवढा फारसीतून येऊन आपल्याकडे कायमचा रुजू झाला.

नावापेक्षाही मला मोलाचे वाटते ते त्यामागचे माप. चरकाने कषायाच्या पाच कल्पना सांगितल्या: स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. त्यांतील शृत म्हणजेच क्वाथ. त्याचे प्रमाण शार्ङ्गधराने बांधून दिले, ते असे की एक पल, म्हणजे सुमारे चार तोळे, भरड द्रव्य घ्यावे, त्यात सोळापट पाणी घालून ते मातीच्या भांड्यात आटवावे, आणि अष्टमांश उरले म्हणजे उतरवावे. सुंठ, ज्येष्ठमध, पिंपळी यांसारखी सुकी, कठीण द्रव्ये आपला गुण पाण्याला सहजासहजी देत नाहीत, म्हणून एवढा दीर्घ अग्नी. तुळशीचे किंवा गवती चहाचे तसे नाही. त्यांचे सत्त्व उडून जाणाऱ्या तेलात असते, आणि पातेले उघडे ठेवून ती उकळत राहिली तर ज्या सुवासाने स्वयंपाकघर दरवळते तोच सुवास पेल्यातून वजा झालेला असतो. अशा कोमल द्रव्यांसाठी फांट सांगितला आहे: कढत पाणी ओतावे, थोडा वेळ मुरू द्यावे, गाळून घ्यावे. आज घरोघरी तुळशीच्या पानांचा जो ‘काढा’ दोन मिनिटांत होतो, तो वस्तुतः फांट आहे. थोरल्या भावाचे नाव धाकट्याला चिकटले, इतकेच.

काढ्याने पडसे हटते, असे मी म्हणणार नाही. ते विषाणूंचे दुखणे. बहुधा आठवड्या-दहा दिवसांत आपल्या वाटेने जाते. मात्र ऊन पेयाने घसा मऊ होतो, चोंदलेले नाक वाफेने क्षणभर मोकळे झाल्यासारखे वाटते, आणि आजाऱ्याच्या पोटात पाणी जाते. तेवढ्यासाठीही तो करावा. ताप चढत राहिला किंवा धाप लागली, तर मात्र काढ्यावर विसंबू नये, वैद्याचे किंवा डॉक्टरचे दार गाठावे.

माझ्या आजीला क्वाथ आणि फांट हे शब्द ठाऊक नव्हते. ती सुंठ, मिरे आणि ज्येष्ठमध कुटून पाण्यात टाकी, पाणी पुष्कळ आटेपर्यंत चुलीपाशी बसून राही, मग पातेले खाली उतरवून त्यात तुळशीची पाने सोडी आणि तत्क्षणी वर ताटली झाकी. मध ती पेला कोमट झाल्यावरच घाली, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचे बोटही लावू देत नसे. आम्ही मुले वास घ्यायला पुढे झुकलो की ताटलीवरचा तिचा हात जागचा हलत नसे.