आधी पाहावं, मग टोचावं

वैद्यकाचा इतिहास म्हटला की आपल्याला नवनवी यंत्रं आठवतात. आज आम्ही मात्र एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. सत्तरी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांना तो जरा जवळचाच. प्रोस्टेटमध्ये कर्करोग आहे, हे कळायचं कसं?

१९८६ साली अमेरिकेत पीएसए या रक्तचाचणीला मान्यता मिळाली, ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून तिला परवानगी मिळाली १९९४ मध्ये. पण वयोमानानं ग्रंथी वाढली किंवा तिला सूज आली, तरी हा आकडा चढतो. आपल्या नैयायिकांचं उदाहरण घ्या ना : डोंगरावर धूर दिसला, तर तिथे आग आहे असं अनुमान करायचं. पण धुक्यालाच धूर समजलो तर?

मग खात्रीसाठी बायोप्सी. गुदाशयातून सोनोग्राफीच्या आधारानं सुई घालायची आणि ठरलेल्या जागांचे आधी सहा, पुढे दहा-बारा तुकडे घ्यायचे. सोनोग्राफीत ग्रंथी दिसे, गाठ बहुधा दिसत नसे. म्हणजे सुई एका अर्थी आंधळीच. त्यामुळे घातक गाठ कधी निसटायची आणि जन्मभर त्रास न देणारी बारीकशी गाठ हाती लागायची. ‘कर्करोग’ हा शब्द एकदा कानावर पडला की स्वस्थ कोण बसणार? शस्त्रक्रिया व्हायची, किरणोपचार व्हायचे. काहींना लघवीवरचा ताबा गमवावा लागला, काहींचं कामजीवन संपलं. तेही ज्या रोगानं मरण आलंच नसतं, त्याच्यापायी. अखेर २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानं सरसकट पीएसए तपासणी नकोच, असा सल्ला दिला.

एमआरआय तोवर नवा राहिला नव्हता. पॉल लॉटरबर यांचा मूळ लेख १९७३ चा. प्रोस्टेटचा एमआरआयही होत असे, पण बहुतेकदा निदान झाल्यावर, रोग कुठवर पसरला ते पाहायला. बदलला तो क्रम. ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय झाला. मग नेहमीची बायोप्सी झाली आणि पडताळ्यासाठी दर ५ मिलिमीटरवर तुकडेही घेतले गेले. २०१७ मध्ये निकाल आला : महत्त्वाचे कर्करोग एमआरआयनं ९३ टक्के हेरले, नेहमीच्या बायोप्सीनं फक्त ४८ टक्के. पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ चाचणीत दिसलं की एमआरआय पाहून नेमकी सुई घातली, तर घातक रोग जास्त सापडतो आणि निरुपद्रवी रोग कमी : ९ टक्के, जुन्या पद्धतीत २२. २०१९ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं आधी एमआरआय करण्याची शिफारस केली.

आता, एमआरआय म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण का हो? नाही. प्रॉमिसमध्ये ज्यांना महत्त्वाचा रोग नव्हता, अशा शंभरांतल्या एकोणसाठांवरही त्यानं संशय घेतला. शंभरांत सात रोगी त्याच्याही नजरेतून सुटले. संशय आला तर तुकडा तपासावाच लागतो. एमआरआय हेही अनुमानच, फक्त जास्त डोळस.

जे जे आहे ते सगळं शोधून काढणं म्हणजे ज्ञान, असं आपण बरीच वर्षं मानलं. काय शोधायचं आणि काय सुखानं राहू द्यायचं, हा विवेकही ज्ञानाचाच भाग आहे. तो शिकायला वैद्यकाला तीस वर्षं लागली, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.