जन्मखूण आणि ‘मोठं झाल्यावर बघू’

बाळाच्या गालावर लाल डाग दिसला की बारशाच्या आतच घरात निकाल लागतो: आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार, आणि आता मूल मोठं होऊ द्या, लग्नाच्या आधी लेझर करून टाकू. पहिल्या म्हणण्यावर वेळ घालवायला नको. अशा सपाट लाल डागांपैकी बहुतेकांच्या मुळाशी जीएनएक्यू या जनुकातला बदल असतो, हे २०१३मध्ये सिद्ध झालं. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत तो आपसूक घडतो. आईच्या विळीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

दुसरं म्हणणं मात्र शिकल्यासवरल्या घरांतही चालतं, आणि ते अगदीच निराधार नाही. पुष्कळ खुणा खरोखरच जातात. ढुंगणावरचे निळसर मंगोलियन डाग बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत विरतात, पापणीवरची फिकट गुलाबी छटा त्याहूनही आधी. त्यांच्यावर लेझर मारणं म्हणजे पालकांचे पैसे उकळणं. पण या अनुभवावरून सगळ्याच जन्मखुणांना एकच नियम लावला जातो, तिथे घात होतो.

गालावरचा तो सपाट लाल डाग, म्हणजे पोर्ट-वाइन डाग, त्वचेतल्या केशवाहिन्या रुंद झाल्यानं उमटतो. तो मुलाच्या अंगाबरोबर वाढतो आणि कधीच आपला आपण जात नाही. वय चढेल तसा गुलाबीचा जांभळा होतो, कातडी जाड होते, पुढे तीवर गाठीही येतात. त्यावरचा पल्स्ड डाय लेझर अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालतो: ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, वाहिनी आतून तापून बंद पडते आणि भोवतालची त्वचा शाबूत राहते. ‘तान्ह्याच्या नाजूक कातडीला हे सोसणार नाही’, असा आक्षेप घेतात. पण कातडी पातळ आणि वाहिन्या बारीक असतात तेव्हाच हा प्रकाश नीट पोहोचतो. नाजूकपणा हे थांबण्याचं नव्हे, लवकर सुरू करण्याचं कारण आहे. डागही तेव्हा लहान असतो.

उपचार सोपा आहे असं मी म्हणत नाही. डोळ्यांवर कवच, कातडीवर गार फवारा, आणि दर झोताला रबरबँड सपकन बसावा तसा चटका. नंतर आठ-दहा दिवस काळेजांभळे ठिपके राहतात. ते पाहून आजी हबकते. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश खातं, म्हणून यंत्राची मात्रा जपून ठरवावी लागते. फेऱ्या अनेक होतात, डाग बराच फिकटतो, पण पूर्ण पुसला जाणं विरळाच. एका फेरीत साफ करून देतो म्हणणाऱ्याकडून सरळ उठून यावं.

लेझर सर्वांवरचा इलाज आहे, हाही त्याच समजुतीचा भाग. केसाळ काळ्या खुणेचा वरचा रंग लेझरनं गेला तरी खोलवरच्या पेशी तशाच राहतात. जन्मानंतर काही आठवड्यांनी उगवून भराभर फुगणाऱ्या हिमँजिओमाला गरज पडली तर आधी प्रोप्रॅनोलॉल देतात. हृदयविकारावरच्या या जुन्या औषधाचा हा गुण फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी २००८मध्ये जगापुढे आणला. ही गाठ पापणीवर असली आणि दृष्टी झाकली गेली, तर काही आठवड्यांची दिरंगाईसुद्धा डोळा कायमचा मंद करू शकते.

आणि पोर्ट-वाइन डाग कपाळावर व वरच्या पापणीवर असेल, तर प्रश्न रूपाचा उरतच नाही. त्यासोबत काचबिंदू आणि आकडी येऊ शकते. अशा बाळाच्या डोळ्यांतला दाब पहिल्या काही आठवड्यांतच नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा असतो, लेझर केव्हाही ठरो.