पिशवीचं दुखणं आणि बार्शीची नोंदवही

लातूर-नांदेडकडच्या बायका गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, हे वर्षानुवर्षं अंगावर काढायचं, बोलायचं नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग या गप्प राहण्यातच वाढतो. तो एकाएकी मात्र होत नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग शरीरात ठाण मांडून बसला, तरी कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढ्यात कुणीतरी घरापर्यंत पोचायला हवं.

1911 मध्ये लातूरला जोडणारी छोटी रेल्वे ज्या बार्शीवरून येई, तिथूनच हे पोचणं सुरू झालं. 1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत मृत्यूचं कारण लिहून द्यायला डॉक्टरच नसे. मग कार्यकर्ते स्वतः गावोगाव फिरू लागले, लक्षणं सांगू लागले, शंका येईल त्या बाईला बार्शीच्या रुग्णालयात आणू लागले. नोंद ठेवता ठेवता रोग लवकर सापडू लागला, हे या नोंदवहीचं मोठं देणं.

या अनुभवावर पुढचं धाडस उभं राहिलं. 1999 मध्ये बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियल व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात चाचणी सुरू केली. (1982 पर्यंत लातूर याच जिल्ह्यात होतं.) गावांचे 52 समूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. काहींची एचपीव्ही तपासणी, काहींची पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, काहींच्या गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का, ते पाहणं.

2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगानं 34 मृत्यू झाले, तपासणी न दिलेल्या गटात 64. मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच पसंती दिली.

त्या 64 जणी चौथ्या गटातल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या 31,488 स्त्रियांना माहिती दिली गेली, तपासणी नाही. ग्रामीण भागात तेव्हा तशी सोयच नव्हती, हा संशोधकांचा युक्तिवाद. त्यावर पुढे कडाडून टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तपासणीचं पथक त्या गावांत गेलंच नव्हतं.