उडदाच्या रंगाचा दगड

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात दिग्गीच्या डोंगरांमध्ये काळी नदी उगम पावते. या भागात दगडाला तोटा नाही. वर भोकाभोकांचा जांभा, खाली पापुद्रे सुटणारे धारवाडी खडक, मध्येच गारगोटी. कोयता पाजवायला ओढ्यातला एखादा सपाट, करकरीत दगड पुरतो. धारेला बारीक दात राहिले तरी फांदी तुटतेच.

वस्तऱ्याला असला दगड चालत नाही. जांभ्याच्या भोकांत धार अडखळते, गारेचा भरड कण पोलादावर ओरखडा काढतो आणि तो ओरखडा पुढे गिऱ्हाइकाच्या गालावर उमटतो.

निवड कशी करावी हे सुश्रुताने कधीच सांगून ठेवलंय. त्याच्या संहितेत, सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात, शस्त्रांना धार लावायला त्याने गुळगुळीत, उडदाच्या रंगाची शिळा सांगितली आहे आणि धार टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी. शस्त्र तयार झालं की नाही, याची परीक्षा म्हणजे केस कापला जाणं. तिथला 'निशान' हा शब्द म्हणजे धार लावणं. मराठीतला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, त्याच घरातला. सावर तर सह्याद्रीच्या रानांत फाल्गुनात लालभडक फुललेली दिसते.

न्हाव्याच्या धोकटीत वाटी, नराणी, आरसा यांच्यासोबत हा निसणा असे. वस्तरा त्यावर आडवा, अगदी टेकवून फिरवायचा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागल्या की कोन आपोआप साधतो. म्हणूनच दगड सपाट हवा. मधे खोलगट झाला की कोन बिघडलाच. दगडावर धार पुढे, चामोटीवर पाठ पुढे. उलट झालं तर चामडं चिरतं. घेताना ओल्या दगडावरून नख फिरवायचं. कुठे खर लागली तर दगड परत. 1890 साली विधवांच्या केशवपनाला नकार देत मुंबईच्या न्हाव्यांनी हत्यारं खाली ठेवली, ती याच धोकटीतली.

मग जिलेट आला. 1903 साली त्याची जेमतेम 51 दाढीयंत्रं आणि 168 पाती खपली, पण फेकायच्या पात्याने निसण्याची गरजच संपवली. आज सलूनमध्ये पातं मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतात आणि दाढी झाली की टाकून देतात.

उघड्या वस्तऱ्याचे हौशी लोक मात्र अजून दगड निवडत बसतात. बेल्जियमचा पिवळा कोटिक्यूल कुणाला आवडतो. त्यातले गार्नेटचे सूक्ष्म कण पोलाद घासतात. बाकीचे कणांच्या बारीकपणाचे 1000, 4000, 8000 असे आकडे छापलेले कारखान्यातले दगड घेतात. त्यांतल्या बऱ्याच दगडांत असतं ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजेच आपला कुरुंद. युरोपच्या खनिजशास्त्रात हे नाव रूढ झालं ते हिंदुस्थानातून. चार्ल्स ग्रेव्हिलचा त्यावरचा निबंध 1798 चा. इथले शिकलगार कुरुंदाचा भुगा लाखेत घोळवून सराणीचं चाक बनवत. कारखान्यात तोच कण मातीसारख्या बंधात भाजून घट्ट करतात.